चुकीचा ऑप्शन दिला तर व्हीएमने थांबावं की पुढे जावं?

राजवाडा_टर्मिनल
इंदूरातले आपले बरेच जण क्लायंटचे सर्व्हर सांभाळतात, म्हणून विषय इथे मांडतोय. एकाचं म्हणणं असं की सुरू करायच्या कमांडमधला ऑप्शन ओळखू आला नाही तर व्हीएमने (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला आभासी कॉम्प्युटर) वॉर्निंग द्यावी आणि सुरू व्हावं, बंद कशाला पडायचं? मला हे अजिबात पटत नाही. क्यूईएमयूला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामला, 'स्नॅपशॉट' ऑप्शन दिला की गेस्टचे (व्हीएमच्या आत चालणाऱ्या सिस्टिमचे) बदल टेम्पररी फाइलमध्ये जातात, मूळ डिस्क इमेजला हात लागत नाही. टाइप करताना त्यातलं एक अक्षर गळलं, तर क्यूईएमयू 'इनव्हॅलिड ऑप्शन' म्हणून तिथेच बाहेर पडतो. समजा, त्याने दुर्लक्ष केलं असतं. व्हीएम नेहमीसारखी उठली असती आणि आपण निर्धास्तपणे क्लायंटच्या खऱ्या डिस्कवर पॅच तपासत बसलो असतो.

विजयनगर_ऑन_कॉल
दादा, टेस्टिंगपुरतं ठीक. पण अपग्रेडनंतर रात्री सर्व्हर रीबूट झाला, आणि जुन्या स्क्रिप्टमधल्या एका निरुपयोगी ऑप्शनपायी बिलिंग उठलंच नाही, तर क्लायंटचा फोन मला येतो. जावाचं हॉटस्पॉट बघा, तीही जावा प्रोग्राम चालवणारी व्हीएमच (जेव्हीएम). सीएमएस गार्बेज कलेक्टरचा (न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या भागाचा) ऑप्शन जावाच्या किटमध्ये, जेडीके 9 मध्ये (2017), डेप्रिकेट झाला, म्हणजे पुढे काढणार असं सांगितलं. 14 मध्ये (2020) कलेक्टरच काढला, तरी ऑप्शन दिल्यावर फक्त वॉर्निंग यायची. 17 वर मात्र जेव्हीएम उठतच नाही. माणसाला सावरायला वेळ दिला, याला म्हणतात जबाबदारी.

राजवाडा_टर्मिनल
तो ऑप्शन हॉटस्पॉटच्या ओळखीचा होता हो! काढलेला ऑप्शन वेगळा, कधी नव्हताच असा ऑप्शन वेगळा. पहिल्याला मुदत द्या, माझी ना नाही. दुसऱ्यात बहुधा टायपो असतो, आणि लिहिणाऱ्याला काय हवं होतं हे प्रोग्रामने ठरवू नये.

कॅम्पस_कोडर
मग अनोळखी व्हीएम ऑप्शन दुर्लक्षित करायचा हॉटस्पॉटचा स्वतःचाच ऑप्शन आहे, त्याचं काय? एकच स्क्रिप्ट तीन-चार जेडीकेंवर चालवायची तर तो लागतोच.

राजवाडा_टर्मिनल
तो आपण मागून घेतो, डीफॉल्ट नाही. तरी प्रॉडक्शनवर मी तो कधीच ठेवणार नाही. मेमरी संपल्यावर हीप डंप (मेमरीत काय होतं त्याची फाइल) काढायचा ऑप्शन केवढा लांबलचक आहे! त्यात स्पेलिंग चुकलं तर कोणी हूं की चूं करणार नाही. ज्या दिवशी अॅप कोसळेल, त्या दिवशी कळेल की डंप नाहीच.

विजयनगर_ऑन_कॉल
डंपचा मुद्दा मान्य. पण थांबायचंच असेल तर नीट थांबा. कुठला ऑप्शन अडला ते नावानिशी सांगा, हॉटस्पॉट जवळचं नाव सुचवतं तसं सुचवा, आणि एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, शून्य म्हणजे यश) शून्य नसू द्या, नाहीतर स्क्रिप्टला वाटतं सगळं आलबेल. आणि हे सगळं डिस्क उघडण्याआधी. ट्यूनिंगच्या (फक्त वेग सुधारायच्या) ऑप्शनवर सर्व्हिस पाडायला मात्र माझा अजूनही विरोध आहे. थोडी हळू चालेल, पण चालेल तरी.