मदत हवी आहे: न्यायसहायक प्रयोगशाळेत रुजू होतेय, मुद्देमाल कसा हाताळायचा?

कोपरीची:
नमस्कार. ठाण्यात राहते, सोमवारपासून कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत जीवशास्त्र विभागात रुजू व्हायचं आहे. एमएस्सी झाली आहे, पण मुद्देमालाला कधी हात लावलेला नाही. पाकीट उघडताना काय बघायचं आणि रक्ताच्या प्राथमिक चाचणीत चुका कुठे होतात, कोणी नीट सांगेल का?

लाखमोहोर:
पाकीट उघडण्याआधीच निम्मं काम असतं. पोलिसांच्या पत्रावरचा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलम आणि पाकिटांची संख्या जुळवा. लाखेवरचा ठसा पत्रासोबतच्या नमुना मोहरेशी ताडून बघा. पत्रात पाच पाकिटं आणि हातात चार, असं झालं तर पोचपावतीवर तिथेच लिहा आणि आणणाऱ्या हवालदाराची सही घ्या. तो परत गेल्यावर ती फट बुजवता येत नाही.

मोजपट्टी ठेवून फोटो काढा, मग कापा. मोहोर फोडायची नाही. दुसऱ्या बाजूने कापा, म्हणजे मूळ मोहोर शाबूत राहते. परत बंद करताना सही आणि तारीख अर्धी टेपवर, अर्धी कागदावर येऊ द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पत्रात ‘रक्ताने माखलेला शर्ट’ असतं, ते तसंच वहीत उतरवू नका. तुम्हाला दिसतो तो ‘डाव्या बाहीवर लालसर तपकिरी डाग, अंदाजे ३ बाय २ सेंमी’. रक्त आहे की नाही, हे चाचणी झाल्यावर ठरतं. उलटतपासणीत वकील नेमकं इथेच बोट ठेवतात. चुकलं तर एक आडवी रेघ, सही, तारीख. व्हाइटनर अजिबात नको.

ऐरोलीकर:
चाचणीबद्दल. कॅसल-मायर, म्हणजे रक्ताच्या प्राथमिक चाचणीचं द्रावण, डागावर थेट टाकायचं नाही. ओलसर फिल्टर पेपर डागाच्या कडेला हलकेच घासा आणि चाचणी त्या कागदावर करा, म्हणजे बाकीचा डाग डीएनएसाठी उरतो. आधी थेंबभर अल्कोहोल, मग द्रावण, आणि आता थांबा. इथेच गुलाबी झालं तर कागदावर ब्लीचसारखं एखादं ऑक्सिडीकारक आहे, ती चाचणी बाद. रंग आला नाही तरच ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. रक्त असेल तर गुलाबी काही सेकंदांत येतो. अर्ध्या मिनिटानंतर आलेला रंग धरू नका, हवेनेही कागद गुलाबी होतो. घाईत द्रावण आणि पेरॉक्साइड एकत्र टाकलं तर हा फरकच कळत नाही.

रोज सुरुवातीला माहीत असलेल्या रक्तावर आणि कोऱ्या कागदावर चाचणी करून नोंद ठेवा. द्रावण गडद बाटलीत, फ्रिजमध्ये, तळाशी थोडी जस्ताची पूड. आपोआप गुलाबी दिसायला लागलं की टाकून द्या. मुळा, बटाटा अशा भाज्यांतल्या पेरॉक्सिडेज या विकरामुळेही (एन्झाइममुळे) रंग येऊ शकतो, म्हणून होकार आला तरी ‘रक्त असू शकतं’ एवढंच. माणसाचं की प्राण्याचं, ते पुढच्या चाचण्यांत.

कोपरीची:
खूप आभार! पावसाळ्यात ओले कपडे आले तर?

लाखमोहोर:
प्लॅस्टिकमध्ये आले असतील तर आधी त्यातून काढा. आत दमट राहिलं की बुरशी आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. स्वच्छ कागद अंथरून सावलीत, साध्या हवेवर वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. आपल्याकडे जुलैत एका रात्रीत शर्ट वाळत नाही. शिवणी आणि खिसे हाताला कोरडे लागेपर्यंत थांबा, मग कागदी पाकीट. खालच्या कागदावर पडलेले केस, माती त्याच कागदात घडी घालून वेगळ्या पाकिटात. फिर्यादी आणि आरोपी यांचे कपडे एका टेबलावर कधीच घेऊ नका. खोली वेगळी, हातमोजे नवे.

ऐरोलीकर:
अजून एक. जुन्या पुस्तकांत अहवालाबद्दल फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ असतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३२९ झालं आहे. अहवाल पुरावा म्हणून दाखल होतो, तरी न्यायालय अहवाल देणाऱ्याला बोलावू शकतं, तेव्हा तुमची वही समोर असते. तुमच्या स्वतःच्या डीएनएचा नमुना मागितला तर लगेच द्या. तुमचा डीएनए चुकून नमुन्यात आला तर तो ओळखायला दुसरा मार्ग नाही.