नाटकातल्या 'ऑडिओ डिस्क्रिप्शन'ला मराठीत काय म्हणावं?

माझ्या मामाला काचबिंदू आहे. समोरचं वाटीएवढं दिसतं, कडेचं काहीच नाही. नाटकाचं वेड मात्र पूर्वीइतकंच, त्यामुळे महिन्यातून एकदा आम्ही दोघं प्रयोगाला जातो आणि मी त्याच्या कानाशी कुजबुजत बसते. गेल्या वेळी दुसऱ्या अंकात बराच वेळ कुणी काही बोललंच नाही आणि अख्खं थिएटर हसलं. मामा म्हणाला, "काय झालं गं?" मी सांगायला लागले तोवर पुढचं वाक्य सुरू झालं होतं, आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवशी मामा मध्यंतरात चहालाही उठला नाही.

हे काम नीट करण्याची पद्धत, म्हणजेच ऑडिओ डिस्क्रिप्शन, जुनी आहे. १९८१ साली वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात बर्नार्ड शॉच्या 'मेजर बार्बरा' नाटकाचे प्रयोग झाले, तिथे मार्गारेट रॉकवेल आणि कोडी फॅन्स्टील यांनी ती सुरू केली. मार्गारेटबाई स्वतः अंध होत्या. वर्णन करणारा प्रेक्षागृहाच्या मागे बंद खोलीत बसतो, दोन संवादांच्या मधल्या फटीत बोलतो, आणि ज्यांनी इअरफोन घेतलेत त्यांनाच ते ऐकू येतं. आधी रेकॉर्ड करून ठेवून भागत नाही. एखाद्या रविवारी हशा लांबतो, एखाद्या दिवशी नट वाक्य गाळतो. म्हणून दर प्रयोगाला जिवंत माणूस लागतो.

आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात ऑडिओ डिस्क्रिप्शनचा उल्लेख आहे, पण इलेक्ट्रॉनिक माध्यमांपुरता. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या त्या सिनेमागृहांतल्या चित्रपटांसाठी. नाटक तेवढं राहिलं. मला एका नाट्यसंस्थेला पत्र लिहायचं आहे आणि पहिल्याच ओळीला अडले आहे. तिकीट खिडकीवर मामानं काय मागायचं? ज्या गोष्टीला नाव नाही ती मागता येत नाही. 'ध्वनिवर्णन', 'श्राव्य वर्णन', 'धावतं समालोचन' एवढे जमवलेत. एकही पटत नाही.

प्रतिसाद

'ध्वनिवर्णन' आधी बाद करा. निसर्गवर्णन हे निसर्गाचं, युद्धवर्णन हे युद्धाचं. त्या चालीनं ध्वनिवर्णन हे ध्वनीचं होईल. ध्वनी तर तुमच्या मामांना मिळतोच आहे! 'श्राव्य वर्णन' व्याकरणात बसतं, पण श्राव्य म्हटलं की कानाला गोड ही छटा डोकावते. शिवाय तोंडानं केलेलं कुठलं वर्णन श्राव्य नसतं? समालोचन म्हणजे बाळ ज. पंडितांचं क्रिकेट. त्यात चेंडू कुठे गेला हे येतं, तसं तो कसा खेळायला हवा होता हेही येतं. शब्दातच 'आलोचना' आहे. वर्णन कशाचं, तर दृश्याचं. 'दृश्यवर्णन' हा सरळ शब्द असताना लांब कशाला जायचं?

प्रतिसाद

मी बॅकस्टेजचा माणूस. आमच्याकडे तयार शब्द आहे, 'रंगसूचना'. संहितेत कंसात असतात त्याच कुणीतरी वाचायच्या. नाहीतर 'सूत्रधार' घ्या. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'त सूत्रधारच पदांतून कथा सांगायचा आणि पात्रं ती करून दाखवायची. आपल्या रंगभूमीची सुरुवातच अशी सांगण्यातून झाली आहे.

प्रतिसाद

'संजय' का नको? सगळ्यांना लगेच कळेल.

मूळ प्रश्नकर्ती

'संजय' मलाही पहिल्यांदा सुचला होता, म्हणून भीष्मपर्व काढून बसले. तिथे संजय रणांगणावरून येतो तो भीष्म पडल्याची बातमी घेऊनच, आणि मग धृतराष्ट्र विचारतो तसं मागचं सगळं सांगत जातो. दहा दिवस होऊन गेलेले असतात. आपल्याला हवं आहे ते त्याच क्षणी. आणि सांगणाऱ्याला संजय म्हटलं की ऐकणारा आपोआप धृतराष्ट्र होतो. हे मला मामाच्या बाबतीत तरी चालणार नाही.

सूत्रधार नाटकातलाच असतो, सगळ्या प्रेक्षकांशी बोलतो, म्हणून तोही नाही. 'रंगसूचना' मात्र दोन दिवस डोक्यात घोळत होता. तो का सोडला ते सांगते. लेखक कंसात लिहितो, 'संतापून'. आता नटी काय करते? कप बशीवर आपटते, की आवाज न करता ठेवते? मागे एकदा मी कुजबुजले, "ती चिडलीये." मामा म्हणाला, "ते मला आवाजावरून कळलं. हात काय करतायत ते सांग." तेव्हा मी नीट पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. तेवढंच सांगितलं. मामा खुर्चीत पुढे सरकला. चिडलीये हे त्याचं त्याला ठरवायचं होतं, आणि मी ते त्याच्या आधी ठरवून टाकलं होतं.

म्हणून 'वर्णन' शब्दाचीही थोडी भीती वाटते. शाळेत वर्णन म्हटलं की उपमा आणि विशेषणं. इथे काम आहे बोटांचं, पदराचं.

प्रतिसाद

मी जन्मापासून अंध आहे. आम्ही आपापसात 'ऑडिओ डिस्क्रिप्शन'च म्हणतो, घाईत 'एडी'. पण खिडकीवरच्या माणसाला एडी कळणार नाही, तिथे 'दृश्यवर्णन' चालेल.

एक मात्र मनापासून सांगतो. लोक मला विचारतात, "नाटक ऐकायला आलात?" मी नाटक बघायलाच येतो. मराठीत 'बघणं' कधी डोळ्यापुरतं नव्हतंच. आमटीत मीठ बघ, कपाळाला हात लावून ताप बघ, बोलून बघ. मग माझ्यापुरतं ते क्रियापद का काढून घेता? 'प्रज्ञाचक्षू' अंध संत गुलाबराव महाराजांना शोभतं. मला अंध म्हणा, पुरे. तुमच्या मामांची 'अल्पदृष्टी'. पत्रात दोन्ही शब्द वेगवेगळे लिहा, कारण गरजा वेगळ्या आहेत. त्यांना पुढची खुर्ची आणि पायऱ्यांच्या कडेला ठळक पट्टी मिळाली तरी निम्मं काम होईल. मला त्या पट्टीचा उपयोग नाही. मला प्रयोगाआधी सेटवर चार पावलं टाकू द्या, झोपाळ्याची कडी हाताला लागू द्या, शालूचं वजन कळू द्या. परदेशात हे करतात. त्याला 'स्पर्शफेरी' म्हणता येईल का? 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघतं, त्यामुळे 'स्पर्श' आमच्या ओळखीचा आहे.

मूळ प्रश्नकर्ती

'स्पर्शफेरी' घेतला. फार सुंदर शब्द दिलात. आणि 'ऐकायला आलात' हे मीही मामाच्या बाबतीत बोलले आहे. यापुढे नाही.

'दृश्यवर्णन'ही पक्का. काल घरी टीव्हीवर एक जुनं नाटक लावून मामाबरोबर सराव केला. मी म्हणत होते, "उठली. खिडकीशी गेली." मला ते सुटसुटीत वाटत होतं, चार अक्षरांत फटीत मावतं. मामा म्हणाला, "'उठली' म्हणालीस की वाटतं माझं काहीतरी निसटलं. 'उठतेय' म्हण." मग सगळं 'उठतेय', 'थांबतेय', 'मागे बघतेय' असं केलं. डावं-उजवंही ठरवून घेतलं: प्रेक्षकाची डावी बाजू ती डावी, नटाची नाही.

पत्राची पहिली ओळ अशी झाली: 'आपल्या नाटकाच्या निदान एका प्रयोगाला अंध आणि अल्पदृष्टी प्रेक्षकांसाठी दृश्यवर्णनाची सोय करावी, आणि पहिल्या घंटेच्या अर्धा तास आधी स्पर्शफेरी ठेवावी.'

दुसऱ्या ओळीत दृश्यवर्णन करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? 'वर्णनकार' फार जड आहे, 'निवेदक' म्हटलं की पुष्पगुच्छ आणि माइक डोळ्यापुढे येतो. पत्रात तेवढी जागा रिकामी ठेवली आहे. सोमवारी टपालात टाकायचं आहे, त्याआधी सुचलं तर कळवा.