प्रतिसाद: तुळईवरचे अकरा कामगार
लोखंडी तुळईवर बसून डबा खाणाऱ्या अकरा कामगारांचे छायाचित्र हा श्रमाचा सर्वोत्तम दस्तऐवज आहे, हे मत मला पटत नाही. कामगार खरे होते, परंतु २० सप्टेंबर १९३२ चे ते चित्र न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर सेंटर या इमारत-संकुलाच्या प्रसिद्धीसाठी जुळवून आणलेले होते. उलट अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइन यांनी १९३०-३१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्याच शहरातल्या एम्पायर स्टेट इमारतीच्या सांगाड्यावर चढून माणसे प्रत्यक्ष कामात टिपली (त्यांनाही काम इमारतीच्या मालकांकडूनच मिळाले होते, हे खरे). आपल्याकडे मुंबईत, लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरवर, हिरव्या जाळीआड, आकड्याने सळयांना तार पिळणारा फिटर खालून दिसतच नाही. छायाचित्रकाराने तिथवर पोहोचावे आणि चित्राखाली इमारतीच्या नावाआधी, त्या फिटरच्या संमतीने, त्याचे नाव व गाव लिहावे.