एअर प्लांट आणि घरातला कुत्रा: कितपत निर्धोक?

प्रश्न
नमस्कार. आमच्याकडे पाच महिन्यांचे लॅब्राडॉरचे पिल्लू आहे. त्याचे दुधाचे दात पडून नवे येत असल्याने चपलांपासून खुर्चीच्या पायांपर्यंत जे समोर येईल ते ते चावत सुटते. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया कुत्र्यांना बाधतात हे कळल्यावर दोन्ही झाडे देऊन टाकली. आता खिडकीत एअर प्लांट लावावेत असे मनात आहे. त्यांना माती लागत नाही, त्यामुळे कुंडी उकरण्याचा प्रश्न मिटेल. पण एखादे पान पोटात गेले, तर काही अपाय होईल का?

प्रतिसाद १
एअर प्लांट, म्हणजेच टिलँडसिया, ही अननसाच्या कुळातली वनस्पती असून ती कुत्र्यांना विषारी मानली जात नाही. मनी प्लांट आणि डिफेनबेकियाच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते टोचल्यामुळे तोंडाची आग होते, लाळ गळते. टिलँडसियाच्या बाबतीत ही भीती नाही. तरीही पानांत तंतू भरपूर असल्याने जास्त खाल्ल्यास उलटी किंवा जुलाब होऊ शकतात. झेरोग्राफिकासारख्या मोठ्या जातीची पाने कडक व टोकदार असतात, म्हणून पिल्लू लहान असेपर्यंत ती जात टाळलेली बरी. स्पॅनिश मॉस हीदेखील टिलँडसियाच आहे, पण तिच्या लांब जटा गिळल्या गेल्या तर आतड्यात अडकू शकतात. ती उंचावरच टांगावी.

प्रतिसाद २
वरील माहिती योग्यच आहे, मात्र माझ्या मते खरी काळजी झाडाची नसून ते ज्यावर बसवलेले असते त्या सामानाची आहे. बाजारात ही झाडे तारेने बांधून, गोंदाने चिकटवून, काचेच्या गोळ्यात ठेवून किंवा फ्रिजवर लावायच्या चुंबकावर बसवून विकली जातात. यांत सर्वांत घातक चुंबक होय. एकापेक्षा अधिक चुंबक पोटात गेले, तर ते आतड्याच्या भिंतींना मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि तिथे भोक पडून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. तांब्याची तार तर झाडालाच मारते. तेव्हा झाड सुटेच घ्यावे आणि भिंतीला पक्क्या ठोकलेल्या लाकडाच्या तुकड्यावर सुती दोऱ्याने बांधून पिल्लाच्या उडीच्या वर लावावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. अजून एक शंका आहे. ही झाडे आठवड्यातून एकदा पाण्यात बुडवून ठेवावी लागतात असे समजले. ते पाणी पिल्लाने प्यायले तर चालेल का?

प्रतिसाद १
साध्या पाण्याने काही होत नाही, पण त्यात ऑर्किडचे खत किंवा कीटकनाशक मिसळले असेल, तर ते पाणी कुत्र्याच्या तोंडी मुळीच लागू देऊ नये. अर्धा तास पुरे होतो, त्यामुळे बादली न्हाणीघरात ठेवून दार लावून घ्यावे. नंतर झाड उलटे करून झटकावे, कारण पानांच्या बेचक्यात पाणी साचले की ते बुडापासून कुजते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे फार लवकर घडते. रोपवाटिकेतून आणताना शेजारी सायकस, ज्याला सागो पाम म्हणतात, विक्रीला दिसला तर मोहात पडू नका. त्याच्या बिया सर्वांत जहाल असतात, पण पाने व खोडही विषारीच आहे आणि त्याने कुत्र्याचे यकृत निकामी होऊ शकते. पिल्लाने तो चावल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता त्याला ताबडतोब पशुवैद्यांकडे न्यावे.