मदत हवी आहे: १९५६ ला फुटलेल्या देगलूर तालुक्याची जुनी लोकसंख्या कशी काढावी?

नमस्कार मंडळी,

माझं आजोळ जुक्कलजवळचं. आजोबांच्या ट्रंकेत १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक (जमिनीच्या नोंदीचा कागद) सापडलं. त्यावर 'तालुका देगलूर, जिल्हा नांदेड' आहे. त्याच शेताचं मामांकडचं जमिनीचं पासबुक तेलुगूत, जिल्हा कामारेड्डी, म्हणजे तेलंगणा. तो कागद पाहिल्यापासून राहवेना, म्हणून १९०१ ते १९६१ ची देगलूरची लोकसंख्या मांडायला घेतली आणि अडकले.

१९५१ ची जनगणना हैदराबाद राज्याची, १९६१ ची महाराष्ट्राची. मध्ये १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना. तेव्हा बीदरचे अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके अख्खे उस्मानाबादला जोडले. तिथे हिशेब सोपा आहे, १९५१ चे तीन आकडे उस्मानाबादमध्ये मिळवायचे. (ते राहून गेलं की दहा वर्षांत उस्मानाबाद भलतंच फुगलेलं दिसतं. माझ्या पहिल्या तक्त्यात तेच झालं होतं.)

देगलूर मात्र मधूनच कापला. बिचकुंदा आणि जुक्कल ही महसूल मंडळं (तालुक्याचे छोटे भाग) आंध्रात, निजामाबादला गेली. नांदेडच्याच मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर मंडळं आदिलाबादला गेली. उलट आदिलाबादचे किनवट आणि राजुरा तालुके नि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ नांदेडला आलं, पैकी राजुरा पुढे १९५९ मध्ये चांद्याला (आताचं चंद्रपूर) जोडला. माझ्याजवळचे तक्ते तालुक्यापाशीच थांबतात, मंडळाचा आकडा त्यांत नाही.

क्षेत्रफळाच्या प्रमाणात आकडा वाटून पाहिला. पण मांजराकाठची दाट वस्तीची गावं आणि माळावरच्या वाड्या एका मापाने मोजणं मला पटत नाही. दुसरा मार्ग आहे का?

प्रतिसाद १:
क्षेत्रफळ सोडा, गावनिहाय जा. १९६१ च्या निजामाबाद जिल्हा जनगणना पुस्तिकेतून बिचकुंदा-जुक्कलकडच्या गावांची यादी करा आणि तीच गावं १९५१ च्या देगलूरच्या यादीत शोधून बेरीज घ्या. नावांच्या स्पेलिंगवर विसंबू नका, गावाचं क्षेत्रफळ आणि शेजारची गावंही जुळवून बघा. बेचिराख (वस्ती न उरलेली) गावं वेगळी नोंदवा, नाहीतर ती हरवली असं वाटतं. पडताळा हवा असेल तर १९६१ च्या तक्त्यांत १९०१ पासूनचे जिल्ह्याचे आकडे नव्या हद्दीत बसवून दिलेत. मुधोळ, किनवट, इस्लापूरचंही असंच करून नांदेडची १९५१ ची बेरीज त्याच्याशी ताडून पाहा. फरक मोठा आला तर एखादं गाव दोनदा धरलंय किंवा सुटलंय.

धागाकर्ती:
मनापासून आभार. निजामाबादची यादी आज रात्रीच करायला घेते. फक्त १९५१ च्या नांदेड पुस्तिकेची माझी प्रत स्कॅन केलेली आहे आणि नेमकी देगलूरच्या गावांची पानं त्यात नाहीत. कुणाकडे असतील तर तेवढ्या पानांचे फोटो इथे टाकाल का? मोबाइलवरचे चालतील, आकडे वाचता आले म्हणजे झालं.