पिवळा स्फटिक आणि एफएडीची अवस्था

ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा स्फटिक पिवळाधमक होता, म्हणजे क्ष-किरणांनी काढलेल्या त्याच्या रचनेत दिसणारं एफएडी (एन्झाइममधला, इलेक्ट्रॉन घेणारा-देणारा फ्लेविन रेणू) ऑक्सिडीकृतच, म्हणजे इलेक्ट्रॉन न घेतलेल्या अवस्थेत आहे, असा एक मुद्दा मांडला जातो; तो मला अर्धाच पटतो. ॲस्परजिलस नायजर या बुरशीच्या ग्लुकोज ऑक्सिडेजची रचना १९९३ साली २.३ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने प्रसिद्ध झाली. त्यातलं एफएडी पिवळं दिसतं ते ऑक्सिडीकृत असताना, हे खरंच. पण तो रंग क्ष-किरण पडण्याआधीचा!

मी अशाच एका फ्लेविन एन्झाइमचे स्फटिक सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) नेले होते. मोजणी संपल्यावर लूपमधला (स्फटिक धरणाऱ्या बारीक फासातला) स्फटिक पाहिला, तर दोन्ही टोकं पिवळी आणि मधे, नेमका जिथे किरण पडला तिथे, फिकट पट्टा. क्ष-किरणांमुळे आजूबाजूच्या पाण्यातून आणि प्रथिनातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मोजणीच्या १०० केल्विन (सुमारे उणे १७३ अंश सेल्सिअस) तापमानालाही फ्लेविनपर्यंत पोचतात. फ्लेविन क्षपित होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन बसतं, पण इतक्या थंडीत भोवतालचे अमिनो आम्ल फारसे हलू शकत नाहीत. त्यामुळे फ्लेविनभोवतीची खोबण जुन्या अवस्थेतली आणि फ्लेविन नव्या, असं मिश्र चित्र हाती येतं. आयसोॲलोक्झाझिनचं (फ्लेविनच्या रंगीत, इलेक्ट्रॉन घेणाऱ्या भागाचं) कडं किंचित वाकलेलं दिसलं की त्यावरून थेट अभिक्रियेची यंत्रणा मांडू नये, ते याचसाठी. मोजणीआधी आणि नंतर त्याच स्फटिकाचा वर्णपट घ्या, ऑक्सिडीकृत फ्लेविनचं ४५० नॅनोमीटरजवळचं शिखर किती खचलं ते लगेच कळतं. खचलं असेल तर बऱ्याच स्फटिकांवर क्ष-किरणांचा थोडा थोडा डोस देऊन मिळालेली विदा (मोजमापं) एकत्र जोडलेली बरी.