आरएमएसई उत्तम, पण वाऱ्याचं काय?

प्रश्न
पांगू-वेदर या एआय हवामान मॉडेलचे दहा दिवसांचे अंदाज घेऊन बसले आहे. ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीच्या उंचीची आरएमएसई (अंदाजातली सरासरी चूक मोजणारा आकडा) पाहिली तर तक्रारीला जागा नाही. पण एका खोल कमी दाबाच्या क्षेत्राशी अडले. उंचीच्या उतारावरून भूसंतुलित वारा (दाबाचा उतार आणि पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम यांच्या समतोलातला) काढला आणि मॉडेलच्या वाऱ्यातून वजा केला. उरलेला वारा पहिल्या दिवशी ईआरए५ सारखाच (निरीक्षणांवरून उभ्या केलेल्या जुन्या हवामानाच्या नोंदीसारखाच) दिसतो, दहाव्या दिवशी मात्र अगदी फिकट. हवा वर चढवणारा वारा यातच असतो ना? मग त्या चक्रवातात उरलं काय? रात्रभर झोप नाही.

उत्तर १
तपासणी योग्य आहे, एक दुरुस्ती मात्र कर. खोल कमी दाबाभोवती हवा वळत जाते, तिथे वारा भूसंतुलित वाऱ्यापेक्षा मंदच असतो. म्हणजे तुझ्या वजाबाकीत या वळणाचाही वाटा आहे. अपसरण, म्हणजे हवा किती पसरते ते, थेट काढ, २०० आणि ८५० हेक्टोपास्कल या दोन्ही पातळ्यांवर.

फिकटपणा येतो शिकवणीतून. हे मॉडेल सरासरी चूक कमी करायला शिकलंय. आघाडी (उष्ण आणि थंड हवेमधली सीमा) शंभर किलोमीटर सरकली की दंड दोनदा बसतो: नसलेल्या जागी दाखवली म्हणून आणि असलेल्या जागी दाखवली नाही म्हणून. पुसट चित्र काढलं की दोन्ही दंड हलके होतात. म्हणून गतिज ऊर्जेचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या तरंगलांबीत वाऱ्याची किती ऊर्जा आहे त्याचा आलेख, काढच. लहान तरंगलांबीकडे तो किती ढासळतो ते दिवसागणिक बघ. माझ्या मते आरएमएसईच्या तक्त्याशेजारी हा आलेख नसेल, तर तो तक्ता अर्धवट.

आणि पांगूची १, ३, ६ आणि २४ तासांची वेगवेगळी मॉडेलं आहेत. तू कोणती जोडलीस?

उत्तर २
मॉडेलला मुद्दाम डिवचूनही बघा. हाकिम आणि मसानम या संशोधकांनी २०२४ मध्ये पांगूलाच विषुववृत्ताजवळ स्थिर उष्णता दिली, मध्य अक्षांशात छोटा विक्षोभ (हवेतली गडबड) सोडला. प्रतिसाद सिद्धांताला धरून आला. मॉडेलने निव्वळ पाठांतर केलंय असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. उलट सेल्झ आणि क्रेग यांनी २०२३ मध्ये पांगूतच सुरुवातीची चूक अगदी बारीक ठेवली, तेव्हा ती भौतिकीच्या मॉडेलसारखी झपाट्याने वाढलीच नाही.

प्रश्नकर्ती
२४ तासांचंच, दहा वेळा. अपसरण काढलं: पहिल्याच दिवशी २०० वर ते ईआरए५ पेक्षा कमी आहे! म्हणजे घसरण दहाव्या दिवसाची नव्हे, पहिल्या पावलापासूनची. स्पेक्ट्रम उद्या टाकते.